दुरुस्त होणाऱ्या मशीनला सरासरी एमटीबीएफ लावणं बंद करा

साकीनाकाकर: अंधेरीच्या एमआयडीसीत कुठल्याही मेंटेनन्स मीटिंगला बसा, एकच आकडा फिरतो, एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ: एकूण तास भागिले बिघाड. बल्बसारख्या फेकून देण्याच्या वस्तूला वायबुल (आयुष्यमान मोजायचं संख्याशास्त्रीय वितरण) चालतं. दुरुस्त करून पुन्हा चालवायच्या मशीनला बिघाडांचा क्रम बघावाच लागतो. समजा, एक एअर कॉम्प्रेसर ९००, १७००, २३५०, २८५०, ३२०० आणि ३४०० तासांना बंद पडला. सरासरी ५६७. पण मधली अंतरं ९००, ८००, ६५०, ५००, ३५०, २००! हीच उलटी लिहा. सरासरी तीच, वायबुलचा आलेखही तसूभर हलणार नाही. एक मशीन मरणपंथाला लागलंय, दुसरं सुधारतंय, आणि रिपोर्ट सारखाच.

पाना_१३: आकडे सोयीचे निवडलेत, तरी लाप्लासची चाचणी (बिघाड खरंच वाढतायत की योगायोग, हे तपासणारी) लावून बघितलीत का? पहिल्या पाच बिघाडांची सरासरी वेळ २२००, एकूण काळाचा मध्य १७००. गुण येतो १.१४. पाच टक्क्यांच्या पातळीला १.६४ च्या वर हवा. म्हणजे तुमचा मरणपंथ निव्वळ योगायोगही असू शकतो.

साकीनाकाकर: लाप्लास सोडा, क्रोचा पॉवर लॉ लावा, म्हणजे बिघाडांची संख्या तासांच्या बीटाव्या घाताने वाढते असं धरणारं सूत्र. ड्युएनने १९६४ मध्ये लॉग-लॉग कागदावर बिघाडांची जी सरळ रेघ पाहिली, तिलाच क्रोने पुढे संख्याशास्त्राचा पाया दिला. इथे बीटा २.२८. एकच्या वर म्हणजे बिघाडांचा वेग वाढतोय. आजघडीचा एमटीबीएफ जेमतेम २४८ तास.

पाना_१३: इतक्या कमी बिघाडांवर तो बीटा फुगतो. तो फुगवटा काढून धरलात तर १.५२, आणि एमटीबीएफ ३७२. बीटाची नव्वद टक्के विश्वासमर्यादा ०.७५ ते ३.४८. त्यात १ आरामात बसतो की! एवढ्यावर ओव्हरहॉलचं बिल मंजूर करून आणा बघू मालकाकडून.

नोंदवहीवाली: दोघांचं गणित बरोबर, पण वहीत काय लिहिलंय? बहुतेक ठिकाणी ‘चेक केलं, ओके’. फुटलेली व्हॉल्व्ह प्लेट बदलली तर बाकी कॉम्प्रेसर होता तेवढाच जुना; तिथे पॉवर लॉ शोभतो. रिंगा, बेअरिंगसकट पूर्ण खोलला तर जवळजवळ नवा, तिथे रिन्युअल प्रोसेस, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर वय शून्यापासून मोजणं. खरी दुरुस्ती या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते, आणि किजिमाचं ‘आभासी वय’ (दुरुस्तीने मशीनचं वय थोडंच कमी झालं असं धरणं) त्यासाठीच आहे. शिवाय पावसाळ्यात रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) ड्रेन कुणी उघडलाच नाही, पाणी लाइनमध्ये गेलं, तर तो बिघाड म्हातारपणाच्या खात्यात का टाकता?

साकीनाकाकर: ताई, पानाभाऊंचे ३७२ धरले तरी ५६७ पेक्षा खालीच ना? पुरावा पक्का होईस्तोवर मशीन किती वेळा बंद पडू द्यायचं?

पाना_१३: बंद पडायची वाट बघा असं कोण म्हणतंय? तेलाचं सॅम्पल पाठवा, व्हायब्रेशन मोजा. मशीन आधीच बोलतं.

साकीनाकाकर: व्हायब्रेशन मीटरला मालक पैसे देत असता तर मी वहीतले तास घेऊन कशाला बसलो असतो, राव!