मदत हवी आहे: जुन्या व्हॅनमधला फ्रिज मधीच बंद पडायलाय, सेल्फ कधी लागतो कधी नाही

नमस्कार मंडळी, गंगाखेडहून लिहितोय. आमच्याकडं २००९ची डिझेल व्हॅन आहे, आधी शाळेच्या पोरांसाठी चालायची, आम्ही घेतली आणि मागच्या सीट काढून झोपायला पलंग, पाण्याची टाकी, छोटा पंप, १२ व्होल्टचा फ्रिज आणि ६०० वॅटचा इन्व्हर्टर बसवला. आईसाठी केलंय सगळं. तिचे गुडघे गेलेत, तासाभराच्या वर बसवत नाही, शुगर आहे म्हणून इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, आणि तिला गाणगापूरला जायचंय, दोन वर्षं झाली म्हणायलीय, पण गाडीचा भरवसाच धरता येईना.

बिघाड कायम असता तर सापडला असता. सकाळी चावी फिरवली की कधी एका झटक्यात सेल्फ लागतो, कधी नुसता टक्क आवाज येतो, डॅशबोर्डचे लाईट मंद होतात आणि मग दहा मिनिटांनी परत मारला की काही झालंच नाही असा लागतो. फ्रिज चालत्या गाडीत बीप बीप करून बंद पडतो, परळी रोडला एखाद्या खड्ड्यात आदळली की आपोआप सुरू. रात्री हेडलाईट लावून उजवा इंडिकेटर दिला तर मागचा टेल लॅम्प पण त्याच्यासोबत लुकलुक करतो. मधे गाडी दोन पावसाळे आखाड्यावर पत्र्याखाली उभी होती, तेव्हापासून वाढलंय हे.

आतापर्यंत ७५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी नवीन टाकली, डायनामोचे ब्रश बदलले, फरक शून्य. गॅरेजला नेली की सगळं बरोबर चालतं, तिथं बिघाड दिसतच नाही, आता एकजण म्हणतोय पूर्ण वायरिंग नवीन करा, तेवढा खर्च आत्ता जमणार नाही. मल्टीमीटर आहे माझ्याकडं. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ दाखवते, चालू केल्यावर १४.१, पण त्याच वेळी फ्रिजच्या सॉकेटवर फ्रिज चालू ठेवून मोजलं तर ११.२. सुरुवात कुठून करू?

परभणीकर:
दादा, बॅटरी आणि डायनामो दोन्ही ठीक आहेत तुमचे, १२.६ आणि १४.१ म्हणजे आणखी काय पाहिजे. इंडिकेटरसोबत टेल लॅम्प लुकलुकणं हे अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हचा गाडीच्या चेसीशी, इंजिनशी असलेला जोड) गेल्याचं पक्कं लक्षण, लॅम्पच्या करंटला चेसीकडं जायची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. सेल्फचं पण तेच असणार. एक करून बघा, सेल्फ मारताना टक्क झालं की चार-पाच वेळा मारा आणि लगेच एक्सिलरेटरच्या केबलला हात लावा, गरम लागली तर इंजिनची अर्थिंग पट्टी गेली, कारण सेल्फचा शंभराच्या वरचा अँपिअर त्या बारक्या केबलमधून परत यायलाय. दुसरी टेस्ट, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टला, मग सेल्फ मारा. लागला की समजा निदान झालं, पाच मिनिटांचं काम आहे.

तारवाला_लातूर:
फ्रिजचा हिशोब करून बघू. वायर १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची असेल आणि बॅटरीपासून ५ मीटर लांब असेल तर जाऊन येऊन १० मीटर, फ्रिज ५ अँपिअर घेतो असं धरलं तर वायरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट जातील. तुमचे जायलेत २.९! म्हणजे बाकीचे २.३ कुठल्यातरी जॉइंटमध्ये जायलेत, आणि कमी व्होल्टेज आलं की फ्रिज स्वतःहून कट होतो. गॅरेजला सापडत नाही कारण लोड नसताना मोजलं की खराब जॉइंट पण पूर्ण व्होल्टेज दाखवतो. फ्रिज चालू ठेवा, मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सॉकेटच्या निगेटिव्हवर. ०.३ च्या आसपास यायला पाहिजे, जास्त आलं की सॉकेटकडची पिन एकेक जॉइंट बॅटरीकडं सरकवत या, जिथं आकडा एकदम पडेल तिथंच बिघाड. मग पॉझिटिव्ह बाजूला पण असंच. आणि कृपा करून चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून डायनामो तपासायची जुनी पद्धत कोणी सांगितली तर करू नका, डायोड जातात.

मांजराकाठ:
इन्व्हर्टर बॅटरीला थेट जोडलाय का? फ्यूज आहे का मधे? पूर्ण लोडला तो ५० अँपिअरच्या वर ओढतो, पॉझिटिव्ह वायर कुठं घासली तर आग लागेल, आणि आई मागं झोपलेली असणार. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही. आणि इन्सुलिन फक्त फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. मातीचं गाडगं मोठ्या गाडग्यात ठेवून मधे ओली वाळू भरा, कुपी कोरड्या डब्यात घालून आत ठेवा. २ ते ८ डिग्री नाही होणार, पण वापरातली कुपी उन्हापासून वाचती. माझ्या वडिलांचं असंच ठेवायचो शेतात लाईट नसली की.

मूळ प्रश्नकर्ता, चार दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. केबल खरंच गरम लागली! जंपर लावला आणि सेल्फ सलग सहा वेळा लागला. पट्टी वरून चांगली दिसायची पण थिंबलच्या (वायरच्या टोकाला बोल्टसाठी दाबून बसवलेल्या कडीच्या) आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं, नवीन टाकली, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून वर व्हॅसलिन लावलं. फ्रिजच्या निगेटिव्हला २.१ व्होल्ट आले, सरकत सरकत आलो तर मॅटखाली रंगावरच स्क्रू मारलेला, टाकीचं पाणी झिरपून पूर्ण गंजलेला, आता बॅटरीपासून वेगळी निगेटिव्ह वायर ओढली आणि फ्रिजला १३.४ मिळायलेत. टेल लॅम्पला पण नवीन अर्थ दिला, लुकलुक थांबली. इन्व्हर्टरला फ्यूज नव्हता. काल लावला, हे तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं.

एकच राहिलंय. सगळं बंद असताना निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावला, १० अँपिअरच्या सॉकेटवर, तर ०.३८ अँपिअर जायलाय. म्हणजे दिवसाला ९ एएच, चार दिवसांत बॅटरी अर्धी. इन्व्हर्टरची वायर काढली की ०.०३ वर येतो. बटण बंद असून पण एवढं ओढतो का हा? मेन स्विच लावावा का?

तारवाला_लातूर:
काही इन्व्हर्टर ओढतात बंद असून पण. हो, पॉझिटिव्हवर फ्यूजच्या पुढं चांगला बॅटरी आयसोलेटर टाका, १०० अँपिअरचा, मुक्कामाला थांबलात की फिरवून बंद. ०.०३ नॉर्मल आहे, सोडून द्या.

मूळ प्रश्नकर्ता:
शनिवारी टाकतो. आधी आईला घेऊन एक रात्र तुळजापूरला राहून येतो, सकाळी सेल्फ लागला आणि फ्रिज थंड राहिला तर पुढच्या आठवड्यात गाणगापूर. आल्यावर इथंच लिहितो.