सोसायटीतल्या झाडांच्या पाट्या: खात्रीची माहिती नेटवर कुठे मिळेल? (तातडीने मदत हवी आहे)

सोनटक्का
नमस्कार मंडळी. बागेतल्या झाडांची नावं आणि थोडी माहिती हवी आहे, पण खात्रीची. शनिवारी पेंटर येतोय आणि निम्म्या पाट्यांचा मजकूर अजून तयार नाही. नेटवर एकेका झाडाची चार-चार नावं सापडतात. सोनचाफा एकीकडे मायकेलिया, दुसरीकडे मॅग्नोलिया. अशोकाचं तर विचारूच नका. ब्रह्मकमळ शोधलं की केदारनाथ आणि बद्रीनाथ समोर येतं. पाटी एकदा रंगवली की वर्षानुवर्षं तशीच राहणार, आमच्याकडची मुलं तीच वाचणार, म्हणून चुकीचं काही लिहायचं नाही. एखादी चांगली साइट सांगा, शक्यतो मराठी.

गच्चीवरची
पाट्या लावताय हे छानच, पण त्याआधी मातीकडे बघा. झाड सुकलेलं असेल तर पाटी काय कामाची? दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दर पंधरा दिवसांनी हे जीवामृत द्या. माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांना मी दुसरं काहीही घालत नाही.

आंबेगावकर
एवढं कशाला शोधताय? मोबाइलमध्ये गूगल लेन्स उघडा, फुलाचा फोटो काढा, दोन सेकंदांत नाव येतं. आमच्या बागेतली सगळी झाडं मी अशीच ओळखली.

निवृत्त_मास्तर
सोनटक्का, तुम्ही कुठल्या गावात आहात? झाडं किती? पाटीवर फक्त नाव की उपयोग, मूळ देश वगैरेही? आणि मुख्य म्हणजे, झाडांची ओळख कोणी पटवली आहे? झाड कोणतं आहे आणि त्याचं आजचं मान्य नाव काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. साइट दुसऱ्याचं उत्तर देते, पहिल्याचं नाही.

सोनटक्का
पुणे. चाळीसेक झाडं असतील. मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि एक ओळ माहिती. ओळख पटलेली आहेच, बिल्डरने यादी दिली आहे. मला फक्त साइटचं नाव हवंय हो.

निवृत्त_मास्तर
बिल्डरची यादी म्हणजे बहुधा रोपवाटिकेचं बिल असतं. त्यातली पाच-सहा नावं इथे टाका, मग बोलू.

तोवर साइटचं सांगतो. लंडनच्या क्यू बागेची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही साइट आहे, 2017पासून चालू आहे आणि फुकट आहे. तिथे मायकेलिया चंपाका असं जुनं नाव टाका. हे नाव आता मॅग्नोलिया चंपाकाचं समानार्थी आहे असं तीच सांगते. म्हणजे तुम्हाला सापडलेली दोन्ही नावं एकाच झाडाची. मायकेलिया हे नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753मध्ये दिलेलं, पुढे मायकेलिया हा गटच मॅग्नोलियात सामावला गेला. पाटीवर मॅग्नोलिया लिहा. त्याच पानावर नकाशा असतो. झाड मुळात जिथलं तो भाग हिरवा आणि माणसाने नेऊन लावलं तो जांभळा. मूळ देशाची ओळ तिथूनच घ्या.

‘द प्लांट लिस्ट’ नावाची एक साइट अजून शोधात वर येते. तिच्यावर विसंबू नका, 2013नंतर तिच्यात काही बदललेलं नाही. पुष्कळ ब्लॉगवाल्यांनी तिथूनच उतरवून घेतलं आहे, म्हणून जुनी नावं फिरत राहतात.

जर्सीकर
मास्तरांशी सहमत, पण क्यूच्या साइटवर झाड लावायचं कसं, ऊन किती, उंची किती हे काही नसतं. त्यासाठी ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी आणि अमेरिकेतल्या मिसुरी बोटॅनिकल गार्डनची ‘प्लांट फाइंडर’ बघा. मी इथे न्यू जर्सीत सगळं त्यावरूनच लावते.

पाटील_कराड
ताई, राग मानू नका, पण ते तुमच्याकडे ठीक आहे. विलायतेतली ‘भरपूर ऊन’ ही सूचना वाचून लोक एप्रिलमध्ये फर्न गच्चीवर ठेवतात आणि मग माझ्याकडे येतात. तिथलं ऊन आणि इथलं चैत्र-वैशाखाचं ऊन एक आहे का? त्या साइटवर झाडांपुढे दिलेले झोन थंडीचे. हिवाळ्यात पारा किती खाली जातो त्यावर ठरलेले. आपल्याकडे झाड थंडीने मरत नाही, उन्हाच्या झळांनी मरतं नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजून मरतं. त्याबद्दल त्या साइटवर ओळ नाही. माझी तीस वर्षांची नर्सरी आहे. माहिती हवी तर जवळच्या नर्सरीवाल्याला विचारा, तोच खरा.

जर्सीकर
पाटीलसाहेब, झोनचं तुमचं बरोबर आहे. पण अमेरिका म्हणजे सगळीच थंड नाही. फ्लोरिडा विद्यापीठाचा कृषी विस्तार विभाग आहे, ‘आयएफएएस’ नावाने शोधा. तिथली हवा दमट आणि उष्ण, त्यामुळे बोगनवेल, एक्झोरा, क्रोटन, चाफा ही आपली सगळी झाडं तिथे सविस्तर सापडतात, रोगांच्या फोटोंसकट. शास्त्रीय नावापुढे आयएफएएस लिहून शोधलं तर जाहिरातवाल्या साइट गळून जातात.

सोनटक्का
यादीतली काही नावं: अशोक, गार्डेनिया, ब्रह्मकमळ, विंका, स्नेक प्लांट, चाफा, बोगनवेल थीमा.

निवृत्त_मास्तर
अपेक्षेप्रमाणे. एकेक घेऊ.

अशोक: झाडं भिंतीलगत ओळीने उभी, उंच आणि सडपातळ आहेत का? पानं लांब, एकेकटी आणि कडेला लाटा असलेली? मग तो खोटा अशोक. पूर्वीचं पॉलिअ‍ॅल्थिया लाँगिफोलिया, आता मोनून लाँगिफोलियम. खरा म्हणजे सीतेचा अशोक साराका असोका. त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पानासारख्या पर्णिकांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. फुलं केशरी-लाल, गुच्छात आणि थेट जून फांद्यांवरही येतात. ही दोन झाडं एका कुळातलीसुद्धा नाहीत. पाटीवर नुसतं ‘अशोक’ लिहून खाली साराका टाकलंत तर मुलं आयुष्यभर भलत्याच झाडाला अशोक म्हणतील.

विंका म्हणजे आपली सदाफुली. विंका रोझिया हे तिचं जुनं नाव, आता कॅथॅरँथस रोझियस. मूळ मादागास्करची. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं हिच्यातूनच मिळाली. तुमची एक ओळ तयार.

स्नेक प्लांट पूर्वी सॅन्सेव्हिएरिया होतं, आता ड्रॅसिना ट्रायफॅसियाटा.

ब्रह्मकमळ: रात्री उमलणारं मोठं पांढरं फूल, चपट्या पानासारख्या खोडाच्या कडेला येतं ना? ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. केदारनाथचं सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात उंचावर वाढणारं. पुण्यात ते जगणारही नाही. दोघांना आपण एकच नाव दिलं एवढंच.

‘चाफा’ म्हणजे कुठला चाफा?

आंबेगावकर
हे सगळं लेन्सनेही सांगितलं असतं.

पाटील_कराड
लेन्सने आमच्या एका गिऱ्हाइकाला डबल तगर दाखवून गार्डेनिया सांगितलं होतं. म्हणून विचारतो, सोनटक्का ताई, यादीतलं ते गार्डेनिया नक्की अनंतच आहे ना? डबल तगर आणि अनंत लांबून सारखेच दिसतात. दोघांची पानं हिरवीगार चकचकीत, दोघांना गुलाबासारखं भरगच्च पांढरं फूल. एक पान तोडा. देठातून पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक येत नाही. आणि वास घ्या, अनंत असेल तर संध्याकाळी सबंध आवार घमघमतं. मोबाइलला चीकही दिसत नाही नि वासही येत नाही.

आंबेगावकर
फोटो नीट काढला तर येतं बरोबर. तुमच्या गिऱ्हाइकाचा फोटो हललेला असेल.

निवृत्त_मास्तर
लेन्स अंदाजाला चांगलं, निर्णयाला नाही. त्याने दिलेलं नाव घ्या आणि ‘फ्लॉवर्स ऑफ इंडिया’ या साइटवर ताडून पाहा. तिथे फुलांच्या रंगावरूनही शोधता येतं आणि बऱ्याच झाडांची मराठी नावं दिलेली असतात. तरी शंका राहिली तर ‘ई-फ्लोरा ऑफ इंडिया’ हा गट आहे, देशभरचे जाणकार तिथे फोटो पाहून ओळख सांगतात. पण नुसतं फूल पाठवू नका. पानांची मांडणी, पानाची खालची बाजू, खोडाची साल, फळ असेल तर फळ, आणि झाड लावलेलं आहे की आपसूक उगवलेलं, हे सगळं द्या.

मनीमाऊची_आई
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या मांजरीने काल लिलीचं पान चावलं. घाबरण्यासारखं आहे का?

निवृत्त_मास्तर
कुठली लिली?

जर्सीकर
मनीमाऊची आई, आधी डॉक्टरांना फोन करा, मग इथे लिहा! खरी लिली म्हणजे लिलियम, किंवा डे लिली म्हणजे हेमेरोकॅलिस असेल तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, अंगावर पडलेले पराग चाटूनसुद्धा. पीस लिली वेगळी, तिने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडांना तसा धोका नसतो. एएसपीसीए या अमेरिकन संस्थेची विषारी झाडांची यादी नेटवर आहे, शास्त्रीय नावाने शोधता येते. इथे शास्त्रीय नाव हाच सगळा मुद्दा आहे, ‘लिली’ एवढ्याने काही कळत नाही.

मनीमाऊची_आई
फुलवाल्याकडून आणलेल्या गुच्छातली होती, मोठी गुलाबी, परागांचे डाग पडतात ती. निघालेच डॉक्टरकडे.

रानवारा
मला मुळात हे कळत नाही की परदेशी झाडांना पाट्या कशासाठी लावायच्या? देशी झाडांनाच लावा. बहावा, पळस, सीतेचा अशोक. मुलांना आपली झाडं कळू देत.

पाटील_कराड
मग झेंडू काढून टाकायचा? तो मेक्सिकोचा. देवळासमोरचा पांढरा चाफा अमेरिकेकडचा, गुलमोहर मादागास्करचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत ते.

रानवारा
काढा म्हणत नाही. पण मूळ देश पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. गुलमोहर आपला आहे असंच बहुतेकांना वाटतं.

सोनटक्का
मंडळी, कृपया. पेंटर शनिवारी येतोय. आज खाली जाऊन पान तोडलं, चीक आला. म्हणजे आमचं ‘गार्डेनिया’ तगर निघालं. पाटीलसाहेब, मनापासून आभार. अशोक ओळीने लावलेले, लाटांच्या पानांचेच आहेत. चाफा पिवळा, खूप वासाचा, कलमी आहे, उंची कमी असूनही फुलं येतात. आता मराठी साइट आणि थीमा एवढंच राहिलं.

निवृत्त_मास्तर
तुमचा चाफा म्हणजे सोनचाफाच. तगरीचं शास्त्रीय नाव टॅबर्निमाँटाना डायव्हेरिकाटा.

मराठीसाठी मराठी विश्वकोश बघा, संपूर्ण नेटवर आहे. वनस्पतींच्या नोंदींत सुरुवातीलाच कंसात हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी आणि लॅटिन नावं, मग कूळ असं ओळीने दिलेलं असतं. वर्णन इतकं नेमकं की तुमची एक ओळ सहज निघेल. फक्त खंड 1976पासून निघत गेले, त्यामुळे लॅटिन नावं त्या काळची आहेत. वर्णन विश्वकोशातून घ्या, नाव क्यूच्या साइटवर तपासा. एवढं केलंत की पाट्या चोख होतील. एखादं झाड अडलंच तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, कोरेगाव रोडला आहे.

पाटील_कराड
थीमाचं मी सांगतो. पानावर पिवळट-पांढरे पट्टे, एकाच फांदीवर पांढरी नि राणी रंगाची फुलं, काही तर अर्धी-अर्धी. ही ‘मेरी पामर’ची पट्टेरी पानांची जात, आणि मेरी पामर कोलकात्यात निघालेली, म्हणजे ही जात आपल्याच देशातली. रानवारा, हे लिहा मोठ्या अक्षरांत.

निवृत्त_मास्तर
पाटील म्हणतात ते बरोबर. भर एवढीच की अशा लागवडीच्या जाती क्यूच्या साइटवर मिळत नाहीत, तिथे जंगली प्रजातीपुरतंच काम असतं. जातींच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या. बोगनवेलीची जगभरची नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. जातीचं नाव एकेरी अवतरण चिन्हांत लिहायचं: बोगनव्हिलिया ‘थीमा’.

गच्चीवरची
थीमाला पाणी कमी द्या म्हणजे फुलं जास्त येतील. जीवामृत मात्र चुकवू नका.

सोनटक्का
पेंटरशी बोलले. तो म्हणतो रोमन अक्षरं तिरकी काढायला जमणार नाहीत. सरळ काढली तर चालतील का?

निवृत्त_मास्तर
सरळ काढून खाली रेघ मारा, हाताने लिहिताना तीच पद्धत आहे. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द संपूर्ण लहान अक्षरांत. ‘थीमा’ला रेघ नाही.