मदत हवी आहे: दोन लहान मुलं, ४०० किमी गाडी आणि उलटी

शरद ऋतूत नातेवाइकांकडे गाडीने जायचंय. मुलं १४ महिने आणि ४ वर्षांची. धाकट्याची सीट मागच्या बाकावर, मागे तोंड करून (पुढे एअरबॅग असतो, तिथे अशी सीट कधीच नाही). पहाटे गारठा असला तरी जाड जॅकेटवरून बांधलेला पट्टा खरं तर ढिलाच राहतो. म्हणून पातळ कपडे, खांद्यापाशी पट्टा चिमटीत येणार नाही इतका घट्ट आणि वरून पांघरूण. एवढं ठरलंय.

घोडं अडलंय थोरलीपाशी. वळणं आली की उलटी. नजर पुस्तकावर खिळलेली आणि कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते, तिथूनच मळमळ सुरू होते. म्हणून पुस्तक, मोबाइल दोन्ही बंद. मधोमध बसवलं तर समोरचा रस्ता दिसेल, पण तिच्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि आमच्या गाडीत मधे फक्त कमरेचा आहे. खिडकीशी बसवून तिची नजर समोर कशी ठेवायची?

दुसरं, दर दोन तासांनी थांबलो तर परतताना शेवटचा टप्पा मावळतीच्या तिरप्या उन्हात आणि लगेच अंधारात येतो. पहाटे झोपेतच उचलून निघावं की पोटात थोडं काही घालून? औषधाचं डॉक्टरांशी बोलणारच आहे, ते इथे नको.