मदत हवी आहे: कथेतल्या मानवसदृश जाती एकमेकींपासून खऱ्या अर्थाने वेगळ्या कशा करायच्या?

करवंद:
नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी अद्भुतकथा लिहीत आहे आणि ती या महिनाअखेरीस पाठवायची असल्यामुळे हाताशी फार दिवस उरलेले नाहीत. कथेच्या जगात तीन मानवसदृश जाती आहेत. गिरंग नऊ फूट उंच असून डोंगरमाथ्यावर राहतात. दरड अडीच फुटांचे असून गुहांमध्ये राहतात. त्यांना अंधारात दिसते, आणि सुळे मोठे असल्यामुळे त्यांचे ओठ मिटत नाहीत. त्यांच्या मुख्याचे नाव भोमप आहे. खारवे किनाऱ्यावर राहतात आणि पाण्याखाली बराच वेळ राहू शकतात. माझ्या मैत्रिणीने पहिला खर्डा वाचून "ही सगळी माणसेच आहेत, तू फक्त उंची बदलली आहेस" असे सांगितले. तिचे म्हणणे मला पटले, पण उपाय सुचत नाही. मी दोनदा नव्याने लिहून पाहिले. पहिल्यांदा कातडीचे रंग बदलले, दुसऱ्यांदा प्रत्येक जातीला वेगळा देव दिला, तरीही नावे झाकली तर संवाद कोणाचा आहे हे ओळखू येत नाही. कृपया नेमके उपाय सांगा. पुस्तकांच्या याद्या नकोत.

घाटमाथा:
आपण डोंगर, गुहा आणि किनारा असे तीन शब्द लिहिले आहेत, परंतु तो डोंगर कुठला, त्यावर पाऊस किती पडतो आणि तिथे काय पिकते, हे कुठेच आलेले नाही. माझा सल्ला असा की जातींचा विचार थांबवून आधी नकाशा काढावा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत फलटणकडे गेले की तो पाचशेच्या आसपास येतो. एवढ्याशा अंतरात छपराचा उतार, भाकरीचे धान्य आणि गुरांची जात हे सारे बदलते. डोंगर आणि किनारा कागदावर आले की माणसे आपोआप वेगळी होतील.

निवडुंग:
नकाशाने घरे बदलतील, शरीरे बदलणार नाहीत, आणि प्रश्न शरीरांचा आहे. सहा फुटी माणूस दीडपट करून नऊ फुटी केला तर त्याच्या हाडांचा छेद सव्वादोनपट होतो, पण वजन जवळजवळ तीन पूर्णांक चार दशांशपट होते. म्हणजे सत्तर किलोचा माणूस सुमारे दोनशे छत्तीस किलोचा होतो आणि त्याच्या प्रत्येक हाडावर दीडपट ताण येतो. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे मांडून ठेवले आहे. रॉबर्ट वॅडलो हा अमेरिकन तरुण आठ फूट अकरा इंच उंच होता. त्याला चालण्यासाठी पायांना आधारपट्ट्या लावाव्या लागत, आणि १९४० मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी, पट्टी घासून झालेल्या जखमेतला संसर्ग पसरल्यामुळे त्याचा मृत्यू झाला. तुमचे गिरंग डोंगरावर राहतात, तेव्हा ते उतरतात कसे, हा पहिला प्रश्न आहे. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघे जातात. गिरंग उड्या मारणार नाहीत, धावणार नाहीत, पडायला मृत्यूइतके घाबरतील, आणि त्यांच्या भाषेत "पडणे" या क्रियेला दहा शब्द असतील. संवाद वेगळा होण्याची सुरुवात तिथून होईल.

दरडांबद्दलही तेच. डोळा कितीही मोठा केला तरी तो अंधुक उजेडातच चालतो. मांजराच्या डोळ्यात उजेड परत फेकणारा पडदा असतो, पण परत फेकायला मुळात उजेड हवा. गुहेच्या पोटात पूर्ण काळोख असेल तर दरडांना ऐकून आणि चाचपूनच जगावे लागेल. काही अंध माणसे जिभेने टकटक असा आवाज काढून, परत येणाऱ्या आवाजावरून समोरची भिंत ओळखतात. दरड तसे करत असतील तर त्यांच्या घरी कोणी मोठ्याने बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखे होईल.

शेवंती:
आपल्याकडे एवढा मोठा खजिना असताना गिरंग आणि दरड अशी नवी नावे घडवण्याची गरज काय, हे मला कळत नाही. अमरकोशात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत अशा दहा देवयोनी एका श्लोकात दिल्या आहेत. तुमचे अडीच फुटी गुहावासी तर गुह्यकच आहेत. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेला बुटका यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर उथळ पात्र धरलेली ती हसरी मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे त्या मूर्तीवरच कोरलेले आहे. दगडातले दागिने इतके नेटके का आहेत, याचे उत्तर त्या एका शब्दात मिळते. शिवाय कोकणात वेताळ आहे, देवचार आहे, झोटिंग आहे. यांतले कोणीही घेतले तरी मराठी वाचकाला ते जवळचे वाटेल.

मूळाक्षर:
शेवंती यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. यक्ष आणि गुह्यक यांचा समाज कल्पिता येतो, परंतु कोकणातली भुते ही जात नव्हे. मुंज झाल्यावर आणि लग्नापूर्वी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो; म्हणजे मुंजा ही एका माणसाच्या मरणाची गोष्ट आहे आणि मुंजांचे गाव वसवता येत नाही. यक्षाच्या बाबतीतही एक अडचण राहतेच. वाचक त्या शब्दाबरोबर स्वतःचे चित्र घेऊन येतो आणि लेखकाची निम्मी शक्ती ते पुसण्यात जाते.

मला मूळ लेखातले दुसरेच काही खटकले. दरडांचे ओठ मिटत नाहीत, असे आपण लिहिले आहे आणि त्यांच्या मुख्याचे नाव भोमप ठेवले आहे. प, फ, ब, भ आणि म हे पाचही वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. दोन ओठांच्या मध्ये बोट आडवे धरून "मामा" म्हणून पाहा, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. आपल्या मुख्याला स्वतःचे नाव घेता येणार नाही. हा दोष दुरुस्त करू नका, वापरा. दरडांच्या संपूर्ण भाषेतून पवर्ग काढून टाका. त्यांच्या संवादात एकही प, ब किंवा म आला नाही, तर नाव झाकूनही बोलणारा ओळखू येईल, आणि वाचकाला तसे का वाटते हे बराच वेळ कळणारही नाही.

जुना_वाचक:
कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावी, सोबत एक छापील प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि मानधनाविषयी आधीच लेखी विचारून घ्यावे. एका अंकाने माझी कथा छापली आणि मला अंकाची प्रतदेखील पाठवली नाही, म्हणून हे आवर्जून सांगत आहे.

करवंद:
सर्वांचे आभार, पण मला नकाशा नको आहे, कारण संपूर्ण कथा एका रात्रीत आणि एकाच बाजारात घडते. मानधनाचा प्रश्नही मी विचारलेला नाही. पवर्गाची सूचना मात्र फार उपयोगी आहे. मी बोट धरून म्हणून पाहिले आणि आईने दोनदा काय झाले म्हणून विचारले. खारव्यांविषयी कोणीच काही लिहिलेले नाही. कथेत खारवे जन्मतःच क्रूर आणि चोर असल्यामुळे त्यांना बाजारात प्रवेश नाही, आणि शेवटी ते हल्ला करतात.

घाटमाथा:
कथा एकाच बाजारात घडते हे आधी सांगितले असते तर मी नकाशाऐवजी बाजाराविषयी लिहिले असते. तरीही बाजारात येणारा माल कुठून येतो हे माहीत असावेच लागेल. आणखी एक गोष्ट तातडीने सांगतो. खारवी हा कोकण किनाऱ्यावरचा प्रत्यक्षातला मच्छीमार समाज आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकाने "खारवे जन्मतः चोर आहेत" हे वाक्य वाचले तर त्याला काय वाटेल, याचा विचार व्हावा. नाव आजच बदला.

मूळाक्षर:
नाव बदलून भागणार नाही. एखादा समाज जन्मतःच गुन्हेगार असतो ही कल्पना या देशात कायदा होऊन आलेली आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे अनेक समाजांतल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी लावण्याची सक्ती झाली, आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यानंतरही पारध्यांच्या पालांवर संशयाची नजर कायम राहिली. आपल्या कथेत लेखक स्वतःच तो शिक्का मारतो आहे, आणि वाचकाकडे शंका घ्यायलाही जागा ठेवत नाही. खारवे चोर आहेत असे बाजारातले लोक म्हणतात, एवढेच लिहिले तर कथा वेगळी होईल.

आणि म्हणूनच "जात" हा शब्दही मला टाळावासा वाटतो. मराठी वाचकाच्या मनात तो शब्द कधीच रिकामा नसतो. "वंश" रक्ताकडे नेतो, "प्रजाती" प्राणिशास्त्राकडे. मला "गण" हा शब्द सुचतो. पत्रिकेत सत्तावीस नक्षत्रे देवगण, मनुष्यगण आणि राक्षसगण अशी नऊ-नऊने वाटलेली असतात, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांचे गण वेगळे असू शकतात, ही कल्पना वाचकाच्या अंगवळणी पडलेली आहे.

शेवंती:
गण म्हटल्यावर मराठी माणसाला गणपती, पत्रिका आणि तमाशातला गण आठवेल. त्यापेक्षा अमरकोशातली योनी काय वाईट आहे? चौऱ्याऐंशी लक्ष योनी हा शब्दप्रयोग कीर्तनातून घराघरांत गेलेला आहे.

निवडुंग:
शब्दाचा वाद बाजूला ठेवून पाण्याकडे वळतो. आग्नेय आशियातल्या बाजाऊ लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून जगणाऱ्या या लोकांची प्लीहा (पाणथरी) शेजारच्या शेतकरी समाजाच्या तुलनेत सुमारे दीडपट मोठी आढळली. बुडी मारल्यावर प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या, प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. म्हणजे पाण्यातले शरीर बाहेरून आपल्यासारखेच दिसूनही आतून वेगळे असू शकते. तुमच्या पाणबुड्यांना कल्ले, खवले किंवा बोटांमधले पडदे यांची गरज नाही.

घाटमाथा:
याच्या नेमके उलट उदाहरण मोकेन लोकांचे आहे. अंदमान समुद्रातल्या या मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते, कारण ती बाहुली आक्रसून घेतात. परंतु युरोपीय मुलांना सराव दिल्यावर त्यांनाही ते जमले. मग फरक रक्ताचा की सवयीचा? माझा आग्रह भूगोलाचा आहे तो यासाठीच.

निवडुंग:
दोन्हींचा, आणि लेखकाने कोणता फरक रक्तातला आणि कोणता शिकवता येण्यासारखा, हे प्रत्येक गुणाबाबत ठरवून ठेवावे. त्याला जोडून करवंद यांना एक प्रश्न विचारतो, जो आधीच विचारायला हवा होता. या तीन समाजांत एकमेकांपासून मुले होतात का? सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सापडलेल्या हाडाच्या एका तुकड्यावरून २०१८ मध्ये असे कळले की ती मुलगी निअँडरथल आई आणि डेनिसोवन बाप, म्हणजे आता नामशेष झालेल्या दोन मानवगटांतल्या आईबापांची होती. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. दोन वेगळ्या मानवांची भेट झाली की पुढचा प्रश्न हाच असतो.

करवंद:
हो, हे सांगायचे राहिले. कथा सांगणारी मुलगी बारा वर्षांची असून तिची आई दरड आणि वडील गिरंग आहेत. मला ते उघड वाटले, कारण कथेचे पहिलेच वाक्य तेच आहे.

निवडुंग:
आम्हाला कथा दिसत नाही, त्यामुळे आम्हाला ते उघड नव्हते. मात्र आता सारे बदलले. नऊ फुटी बापाचे मूल अडीच फुटी आई पोटात वाढवू शकणार नाही. आई गिरंग करा, बाप दरड करा, आणि उंची सात फूट व साडेतीन फूट अशी आणा. साडेतीन फूट ही कल्पनाही नव्हे; इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये जिचा सांगाडा सापडला ती आदिमानव स्त्री साधारण तेवढ्याच उंचीची होती. तिचा मेंदू आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान होता, आणि तरीही तिचे लोक दगडी हत्यारे वापरत होते.

शेवंती:
मुलगी सांगणार असेल तर मीही माझा यक्षांचा आग्रह सोडते. तिला आपली आई म्हणजे आई वाटणार. आईच्या जातीचे वर्णन ती करणारच नाही. बाजारात गेल्यावर कुठल्या पायरीला तिचे गुडघे छातीला लागतात आणि कुठल्या दारात तिला वाकावे लागते, एवढेच तिने सांगावे. माझ्या आजोळी माजघराच्या दाराची चौकट इतकी ठेंगणी होती की पाहुणे पहिल्या दिवशी डोके आपटत आणि आम्ही मुले न बघता वाकत असू. कोण घरचे आणि कोण बाहेरचे, हे चौकटीवरून कळे.

मूळाक्षर:
शेवंती यांचा हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद आहे. त्यात एकाची भर घालतो: मुलीचे नाव तिच्या वडिलांना उच्चारता येते का?

करवंद:
काल रात्री बसून पहिली दोन पाने नव्याने लिहिली. आई गिरंग केली आणि वडील दरड. खारव्यांचे नाव बदलून "वेळंग" केले. ते चोर असल्याचे आता फक्त दाणेवाला म्हणतो, आणि त्याच्या मापाला खालून भोक आहे हे मुलीला दिसते. गण हा शब्द घेतलेला नाही, जातही नाही. बाजारातले लोक एकमेकांना "वरचे", "आतले" आणि "ओले" म्हणतात. सुरुवातीचा परिच्छेद असा आहे:

"बाजाराच्या पायऱ्या एका आड एक आहेत, एक आईच्या पायाची आणि एक बाबांच्या पायाची. मी दोन्ही चढते, म्हणून मला सगळ्यांपेक्षा उशीर होतो. उतरताना आई भिंतीला हात लावून प्रत्येक पायरीवर थांबते आणि कोणाशी बोलत नाही. बाबा पुढे गेलेले असतात. ते जिभेने टक्‌ करतात, थांबतात, आणि आम्ही किती मागे आहोत ते त्यांना कळते. आई मला मैना म्हणते. बाबा ऐना म्हणतात. मी दोघींचीही ओ देते."

शेवटचे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे का, याची मला खात्री नाही.

मूळाक्षर:
"मी दोघींचीही ओ देते" असे होत नाही. हाकेला ओ देतात. परंतु ती स्वतःला मैना आणि ऐना अशा दोघी समजत असेल, तर "मी दोघींचीही ओ देते" हे वाक्य तिच्या तोंडी राहू द्यावे आणि संपादकांनी दुरुस्त केल्यास परत बदलून मागावे.

निवडुंग:
परिच्छेद आवडला. एक शंका आहे. बाजार रात्री भरतो आणि दरडांना उजेड लागत नाही, मग दाणेवाल्याच्या मापाचे भोक मुलीला दिसले कसे? मशाली कोणी लावल्या आहेत?

करवंद:
मशाली नाहीत. तिने मापात बोट घातले होते. तेवढी ओळ लिहायची राहिली. आज रात्री घालते.