मदत हवी आहे: बंध इतका दुबळा, तर पाणी इतके चिवट कसे?

नमस्कार.

मी पुण्यात धायरी परिसरातील एका अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी विज्ञान शिकवते. तिथे प्रयोगशाळा नाही. एक शेगडी, एक तापमापी, घरून आणलेली भांडी आणि एक माठ एवढ्यावर आमचे काम चालते. ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकवून झाल्यावर, पाण्याचे जे गुणधर्म जीवसृष्टीला तोलून धरतात ते सगळे एकाच कारणापर्यंत नेऊन दाखवावेत असे मी ठरवले आणि नेमकी त्या कारणापाशीच अडले आहे.

मी सांगितले ते असे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढून घेतो. शिवाय रेणू सरळ रेषेत नसून १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असतो, त्यामुळे त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होऊन शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जुळतात. या बंधांमुळे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल उष्णता लागते, म्हणून आपले शरीर, जे बहुतांशी पाणीच आहे, उन्हात चालताना एकाएकी तापत नाही. तेवढ्याच पाण्याची उकळबिंदूला वाफ करायची तर सुमारे २,२६० ज्यूल लागतात, म्हणून थोडासा घामही अंग गार करतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातले पाणी गारेगार होते आणि पावसाळ्यात तितके होत नाही, हे तर मुलांनी मला न विचारताच सांगितले.

(आमच्या तापमापीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळले, तेव्हा मुलांना ती बिघडली असे वाटले. वितळत्या बर्फात तिने शून्य दाखवल्यावर मग पुण्याची सुमारे ५६० मीटर उंची आणि हवेचा कमी दाब हा विषय निघाला. तो तास फार चांगला झाला.)

त्यानंतर एका मुलीने विचारले, “रेणूच्या आतल्या बंधाच्या मानाने हायड्रोजन बंध जेमतेम विसाव्या हिश्शाएवढा बळकट असतो आणि क्षणात तुटतो, असे तुम्हीच फळ्यावर लिहिले आहे. मग सगळे श्रेय त्याच बंधाला कसे देता?” मी उत्तर दिले की बंध दुबळा असला तरी १८ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर पाण्यातही रेणूंची संख्या ६ वर २३ शून्ये एवढी प्रचंड असते. त्यावर ती म्हणाली, “रेणू तर १६ ग्रॅम मिथेनमध्येही तेवढेच असतात. मग मिथेन उणे १६१ अंशांनाच का उकळतो?” तिचे म्हणणे बरोबर आहे आणि माझे उत्तर अपुरे होते, हे मला त्याच क्षणी कळले. पुढच्या तासाला तिला खरे उत्तर द्यायचे आहे. कृपया दहावीच्या मुलांना पटेल अशा रीतीने, शक्य तर आकड्यांच्या आधाराने, कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, विद्यार्थिनीने दुखरी नस अचूक पकडली आहे. रेणू किती आहेत यापेक्षा प्रत्येक रेणूला हात किती आहेत, हे मोजावे लागेल.

पाण्याचा एक रेणू चार हायड्रोजन बंध करू शकतो: दोन स्वतःच्या हायड्रोजनद्वारे आणि दोन ऑक्सिजनवरील मोकळ्या इलेक्ट्रॉन जोड्यांद्वारे. मात्र प्रत्येक बंध दोघांत वाटलेला असतो. मुलींना भोंडल्याचा फेर आठवायला सांगा. दहा मुलींचे हात वीस, पण गुंफणी दहाच. त्याच न्यायाने चार हातांच्या रेणूमागे बंध येतात साधारण दोन. एका बंधाला ढोबळमानाने २० किलोज्यूल प्रति मोल (मोल म्हणजे ६ वर २३ शून्ये ही तुमचीच संख्या; एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम) धरले, तर दोन बंधांचे ४० होतात. आता तुमचाच आकडा घ्या: २,२६० गुणिले १८ म्हणजे ४०,६८० ज्यूल, सुमारे ४१ किलोज्यूल. द्रवात सगळे हात सदैव गुंफलेले नसतात आणि रेणूंमध्ये इतरही आकर्षणे असतात, म्हणून हा हिशेब ढोबळच समजावा. तरीही पाण्याची वाफ करताना आपण मुख्यतः हे दुबळे बंधच सोडवत असतो, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. मिथेनच्या रेणूला असे हात नाहीत, त्यामुळे त्याचे काम मोलमागे सुमारे ८ किलोज्यूलमध्ये भागते.

बंध क्षणात तुटतो हेही खरेच. द्रव पाण्यात त्याचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाएवढे असते. पण सुटलेला हात लगेच दुसऱ्या शेजाऱ्याचा हात धरतो, त्यामुळे फेर मोडत नाही, नुसता फिरत राहतो.

आता मला सर्वांत मोलाचे वाटते ते सांगतो. हा बंध दुबळा आहे म्हणूनच तो जीवसृष्टीच्या कामाचा आहे. तो रेणूच्या आतल्या बंधाइतका बळकट असता, तर पाणी आपल्या तापमानाला वाहते राहिलेच नसते, मग मिठाचे आयन किंवा साखर पेशीपर्यंत कशी पोहोचली असती? आपल्या डीएनएच्या दोन साखळ्याही हायड्रोजन बंधांनीच जोडलेल्या असतात, त्यांवरील ‘ए’ आणि ‘टी’ या घटकांत दोन, ‘जी’ आणि ‘सी’ यांच्यात तीन. पेशी विभागण्यापूर्वी त्या उलगडाव्या लागतात, आणि बंध सुटण्याजोगे नसते तर नक्कल होणेच शक्य नव्हते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काल मुलींना फेर धरायला लावला आणि ४१ चा आकडा मी न सांगता त्यांच्याकडूनच काढून घेतला. तो जुळला तेव्हा प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने पुढचा प्रश्न विचारला: बर्फात चारही हात घट्ट धरलेले असतील, तर रेणू जवळ यायला हवेत. मग गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते कसे? बर्फात चार शेजारी चौफलकाच्या टोकांवर ठरावीक अंतरावर राहतात आणि मध्ये पोकळी उरते, हे मला माहीत आहे, परंतु फळ्यावरच्या चित्रातून ती पोकळी मुलांना दिसत नाही. भिजवलेले हरभरे आणि दात कोरण्याच्या काड्या वापरून अशी रचना कोणी केली आहे का? केली असल्यास किमान किती रेणू जोडावे लागतात आणि काड्यांचा कोन कसा राखायचा, ते कृपया सांगावे.