शब्दचर्चा: आरोग्य कर, उपकर आणि अधिभार (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून)

चोपडा: मंडळी, करांवर एक बातमी लिहितोय. गावाच्या घरपट्टीच्या पावतीवर घर कर, दिवाबत्ती कर आणि त्याच्याखाली आरोग्य कर असा रकाना असतो, आणि इन्कम टॅक्समध्ये आरोग्य व शिक्षण उपकर 4 टक्के. दोन्ही एकच का? पेपरवाले तर सरळ अधिभार लिहून मोकळे होतात.

जळगाव: नाही दादा, एकच नाही. पावतीवरचा आरोग्य कर ग्रामपंचायतीचा, गटारी-साफसफाईसाठी. उपकर म्हंजे सेस, करावर कर, लाख रुपये टॅक्स बसला तर वर चार हजार, आणि ज्या कामाच्या नावानं घेतला त्यालाच लावायचा. 2018 च्या बजेटमध्ये 3 टक्क्यांचा शिक्षण सेस काढून हा आणला. अधिभार म्हंजे सरचार्ज, तो मोठ्या कमाईवाल्यांना आणि त्याला ठराविक काम नसतं. दोन्हीतला वाटा केंद्र राज्यांना देत नाही, आणि दवाखाने चालवायचे कोणी, तर राज्यांनी!

धुळे: खरी मेख इथंच आहे. आरोग्यासाठी पैसा पाहिजे हे सगळे पुढारी मान्य करतात पण कर वाढवला असं म्हणायला कोणी तयार होत नाही, मग दुसरा शब्द शोधतात. अमेरिकेत 2010 च्या आरोग्य कायद्यात विमा न काढणाऱ्याला पैसे भरायला लावले, ओबामा म्हणत होते हा कर नाही, कायद्यातही दंड असंच लिहिलं, आणि 2012 ला सुप्रीम कोर्टानं तो कर म्हणूनच टिकवला. ब्रिटननं 2021 मध्ये आरोग्यासाठी कमाईवर सव्वा टक्का आणला, पण कर न म्हणता लेव्ही म्हंजे आकारणी म्हणून, पुढच्याच वर्षी रद्द केला.

नंदुरबार: मला हे लपवणं पटत नाही. आपल्याच महाराष्ट्रात 1975 ला रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला, नावातच कर, आजही पगाराच्या स्लिपवर 200 रुपये कापलेले दिसतात न् फेब्रुवारीत 300. लोक भरतातच ना? धडगावच्या बाळंतिणीला चांदसैली घाट उतरून दवाखान्यात न्यावं लागतं, तिच्यासाठी कर पाहिजे असं आमदार-खासदारांनी सभागृहात उभं राहून म्हणावं, आम्ही भरू.

चोपडा: पटलं. मग बातमीत सेस तसाच ठेवू का?

जळगाव: ठेवा ना, लोकांना कळतो, फक्त पहिल्यांदा येईल तिथं सोबत उपकरही लिहा. अधिभार मात्र सरचार्जलाच.