चिऱ्याच्या गॅरेजमध्ये लोखंडी कपाटं: पत्रा कोणता घ्यावा, भिंतीला कशी धरावीत?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खाडीकाठ

रत्नागिरीजवळ खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे. गॅरेज १० बाय १८ फूट, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतून अंदाजे १५ मिमी गिलावा. खाली कोबा, त्याला दाराकडे उतार. गाडी चार मीटरच्या आतली. ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद, १९ इंच खोल अशी नेहमीच्या मापाची दोन कपाटं घ्यायचा विचार आहे. आत रंगाच्या बादल्या, हत्यारं, ग्रास कटर, फवारणी पंप, खत आणि बाथरूमचं अ‍ॅसिड असं सगळं जाईल. पत्र्याच्या जाडीबद्दल दुकानदार "२२ गेज, एकदम हेवी" म्हणतो. पावसाळ्यात इकडे दोन वर्षांत कपाटाचा तळ खाऊन जातो, म्हणून आधीच विचारतो. पत्रा कोणता? कपाटं बाजूच्या भिंतीला लावू की मागच्या? आणि चिऱ्यात अँकर (भिंतीत रुतवायचा बोल्ट) धरतो का?

पत्राकाम

आधी जागेचा हिशेब. १० फूट म्हणजे ३०५० मिमी. गाडी साधारण १७४० मिमी रुंद धरली तर उरतात १३१०. ड्रायव्हरच्या बाजूला दार उघडून उतरायला ७०० तरी लागतात, पलीकडे ३०० सोडले की हातात ३१० मिमी राहतात. १९ इंच म्हणजे ४८५ मिमी, तेव्हा बाजूची भिंत बाद. मागे मात्र ५४९० वजा ४००० म्हणजे १४९० मिमी आहेत. कपाट ४८५ गेलं, भिंतीपासूनची फट ४० गेली, तरी बंपरपर्यंत ९६० मिमी राहतात. कपाटाची झडप उघडल्यावर ४६० मिमी पुढे येते, म्हणजे उभं राहायलाही जागा आहे. चाकासाठी कोब्यावर अडथळा मात्र बसवून घ्या, नाहीतर एक दिवस बंपर झडपेला लागेल.

आता पत्रा. गेज या शब्दावर विसंबू नका. एसडब्ल्यूजी (गेजचं ब्रिटिश माप) तक्त्याप्रमाणे २२ गेज ०.७१ मिमी, २० गेज ०.९१, १८ गेज १.२२. पण बाजारात २२ म्हणून ०.८ पण मिळतो आणि ०.६ पण. बिलावर मिलिमीटर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर कपाट काट्यावर ठेवा. लोखंडाचा १ मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. तुमच्या मापाच्या कपाटात चार फळ्या आणि सगळ्या घड्या धरून अंदाजे साडेनऊ चौरस मीटर पत्रा जातो. ०.८ मिमीचं कपाट त्यामुळे ६० किलोच्या आसपास भरायला हवं. ४५ किलो भरलं तर तो ०.६ चा पत्रा आहे, दुकानदार काहीही म्हणो. अंगाला ०.८ पुरे, फळ्यांना १.० घ्या.

फळीखाली मधोमध पत्र्याची उलटी पन्हळ स्पॉट वेल्डिंगने जोडलेली हवी. २० लिटर इमल्शन रंगाची भरलेली बादली २७-२८ किलोची असते. तीन बादल्या एका फळीवर म्हणजे ८० किलोच्या वर. पन्हळ नसलेली फळी पोटात वाकते आणि एकदा वाकली की सरळ होत नाही. बादल्या तशाही तळालाच ठेवा, कपाटाचा तोलही त्यानेच सांभाळला जातो.

तुमच्या हवेत साधा सीआर, म्हणजे मुलामा नसलेला पत्रा घेऊ नका. तळ, पाठ आणि खालची फळी तरी जीपी पत्र्याची, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली करून घ्या. १२० ग्रॅमचा मुलामा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. वर पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन. जस्तावर पावडर धरायला आधीची प्रक्रिया नीट व्हावी लागते, नाहीतर दोन पावसाळ्यांत ती पापुद्र्यासारखी सुटते. फॅब्रिकेटरला विचारा की फॉस्फेटिंगच्या (पावडर धरावी म्हणून फॉस्फेटचा थर चढवणाऱ्या) टाक्यांतून काढतो की नुसतं थिनरने पुसतो. थिनरवाला असेल तर दुसरा शोधा.

घेताना टॉर्च मारून फळीच्या आतल्या कोपऱ्यात पाहा. पावडर विजेच्या भाराने पत्र्याकडे ओढली जाते आणि खोल कोपऱ्यात नीट शिरत नाही. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या कपाटाच्या आतल्या घडीत करडी, उघडी रेघ दिसते. गंज तिथूनच सुरू होतो. दुसरी जागा म्हणजे तळाचा जोड, जिथे दोन पत्रे एकावर एक येतात. त्या फटीत पाणी केशाकर्षणाने चढतं आणि सुकत नाही. बसवण्याआधी कपाट आडवं करून तळाच्या सगळ्या जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची बारीक रेघ ओढा.

ओळंबा

भिंतीबद्दल. जांभा काँक्रीटसारखा एकसंध नसतो. त्यात नळ्यांसारखी भोकं असतात आणि ती मऊ पिवळ्या मातीने भरलेली असतात. ठोकून फुलवायचा अँकर फास्टनर भोकाच्या कडेवर जोर देऊन धरतो. चिऱ्यात ती कडच चुरते. कसताना नट फिरत राहतो, अँकर बाहेर सरकत येतो, आणि मिस्त्री "बसला" म्हणून सोडून देतो. स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गिट्टी गिलाव्यात धरल्यासारखी वाटते, पण तिचा सगळा जोर त्या १५ मिमीवरच असतो.

पाठीतून थेट चार भोकं पाडू नका. मागच्या भिंतीवर ४० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) चौकोनी पाइप कपाटाच्या वरच्या फळीच्या वर येईल असा आडवा लावा, दोन्ही कपाटांच्या रुंदीइतका, म्हणजे सहा फूट. कपाटं त्याला धरा. याने दोन गोष्टी साधतात. अँकर सांध्यात न येता चिऱ्याच्या पोटात येतील अशी जागा निवडता येते, आणि कपाट भिंतीपासून आपोआप ४० मिमी सुटं राहतं. ओल्या भिंतीला टेकलेली पाठ हेच कोकणातल्या कपाटांचं मरण आहे.

पाइपाला पाच ठिकाणी रासायनिक अँकर, म्हणजे भोकात रेझिनने चिकटवलेला दांडा. एम-१० चा स्टेनलेस ३०४ आटेवाला दांडा, १६ बाय ८५ मिमीची जाळीदार नळी, ३०० मिलीची रेझिनची एक नळकांडी पुरते.

पाइपाच्या मागच्या अंगाला ११ मिमी आणि समोरच्या अंगाला २५ मिमी भोक पाडा. मोठ्या भोकातून सॉकेट आत जाऊन नट मागच्या अंगावरच कसला जातो. दोन्ही अंगांना सारखं भोक ठेवून बाहेरून कसलं तर पाइप चेपतो. भोकांच्या कडांना लगेच जस्ताचा प्राइमर लावा, पाइपाची दोन्ही तोंडं टोपणाने बंद करा.

भिंतीत १६ मिमीचं भोक, हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून. हॅमर लावलात तर चिऱ्यात भोक वेडंवाकडं होतं, समोर १६ आणि आत २५ अशी गत होते. चिऱ्याच्या कडेपासून ७५ मिमी आत राहा. भोक १०५ मिमी खोल, कारण पहिले १५ गिलाव्याचे, ते धरायचे नाहीत. मग दोनदा फुंकणी, दोनदा तारेचा ब्रश, परत दोनदा फुंकणी. लाल धूळ येणं थांबलं पाहिजे. धूळ राहिली तर रेझिन धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

जाळीची नळी ८५ चीच आहे, म्हणून ती गिलावा ओलांडून चिऱ्यात जाईल इतकी आत ढकला. नळकांडीतून आधी येणारं दोनरंगी रेझिन फेकून द्या, एकसारखा रंग आला की मगच नळीच्या तळापासून भरत बाहेर या. दांडा १२० मिमीचा कापा, हळू पिळत आत सारा. तोंडाशी रेझिन डोकावलं म्हणजे नळी भरली. नळकांडीवर तापमानाप्रमाणे वेळ छापलेली असते, तेवढा वेळ दांड्याला हात लावू नका.

खाडीकाठ

जागेचा हिशेब पटला, मागची भिंत नक्की केली. दोन शंका. पाऊस तोंडावर आहे, जूनमध्ये हे काम चालेल का? आणि मागच्या भिंतीला बाहेरून गिलावा नाही, चिरा उघडाच आहे.

ओळंबा

मग आत्ता करू नका. उघड्या चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि ओल्या भोकात साधं पॉलिस्टर रेझिन धरत नाही. घाईच असेल तर ओल्या भोकाला चालेल असं छापलेलं व्हिनिलेस्टर घ्या, पण माझं मत विचाराल तर दिवाळीनंतर भिंत वाळू द्या. तोवर कपाट उंचवट्यावर ठेवून खालच्या दोन फळ्यांवर वजन भरा, वरच्या रिकाम्या ठेवा, आणि लहान मुलांच्या हाताला ते लागणार असेल तर आणूच नका. रिकाम्या तळाचं कपाट दोन्ही झडपा उघडल्यावर पुढे झुकतं.

रेझिन नकोच असेल तर उघड्या भिंतीला आरपार बोल्टचा उपाय आहे. बाहेरून १०० बाय १०० बाय ५ मिमीची जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी, भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, पट्टीभोवती सीलंट. दिसायला बरं नाही, पण याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

वरचा_मजला

उंचवट्याबद्दल एक भर घालतो. गाडी धुतल्याचं आणि टायरबरोबर येणारं पाणी कोब्यावर फिरतं. सबंध ओटा बांधलात तर त्याच्यामागे पाणी अडतं. त्याऐवजी १०० मिमी उंच दोन पट्ट्या उताराच्या दिशेने घाला, मधून पाणी वाहून जाईल. पट्टी समोरून ५० मिमी आत ठेवा म्हणजे पायाचा अंगठा आपटत नाही. कपाटाखाली प्लायचा तुकडा किंवा पुठ्ठा पाचर म्हणून कधीच नको, तो पाणी धरून बसतो. पीव्हीसीच्या २ आणि ३ मिमीच्या चकत्या वापरा.

पत्राकाम

सामानाच्या यादीतलं अ‍ॅसिड राहून गेलं होतं, ते फार महत्त्वाचं आहे. बाथरूमचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. बूच घट्ट असलं तरी वाफ निघत राहते, आणि बंद कपाटात पान्यांवर, करवतीच्या दातांवर तांबडी पूड दिसायला काही आठवडे पुरतात. ब्लीचिंग पावडरचंही तसंच. शिवाय अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले तर क्लोरीन सुटतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या जागी, कपाटाबाहेर, प्लास्टिकच्या टोपलीत. खतही झाकणाच्या पिंपात. युरिया हवेतलं पाणी ओढून पाझरतो.

ग्रास कटर पेट्रोलवरचा असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साठते. झडपांना वर आणि खाली दोन्हीकडे झरोके असलेलंच कपाट घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी या कपाटात नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

खाडीकाठ

अ‍ॅसिड बाहेरच राहील. शेवटचं एक: आधी पाइपाला कसायचं की आधी झडपा जुळवायच्या?

ओळंबा

झडपा आधी, नेहमीच. कपाट जागेवर उभं करा, आतलं वजन काढा. दोन्ही झडपा मिटवून मधली फट वरपासून खालपर्यंत पाहा. उजवी झडप डावीपेक्षा खाली दिसत असेल तर उजवा पुढचा कोपरा बसलेला आहे. त्याखाली एक चकती घाला आणि परत पाहा. बिजागरी वाकवायला जाऊ नका, दोष तिचा नसतो. कोबा थोडा वरखाली असतोच, त्यामुळे तीन-चार चकत्या लागल्या तर गैर काही नाही. नंतर बाजूला ओळंबा धरा.

दोन्ही कपाटं अशी जुळली की कपाटांच्या एकमेकांना लागून असलेल्या बाजूंतून एम-६ चे चार बोल्ट घालून एकमेकांना जोडा, आणि सगळ्यात शेवटी आतून, वरच्या फळीच्या वर, पाठीतून पाइपात रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, एका कपाटाला तीन. स्क्रू कसताना पाठ आणि पाइप यांत फट राहिली तर ती चकतीने भरा, पत्रा ओढून टेकवू नका. ओढलात की कपाट पिळतं आणि जुळवलेल्या झडपा पुन्हा घासायला लागतात. ड्रिलचा लोखंडी कीस फळीवर पडतो तो ब्रशने त्याच दिवशी झाडून काढा. कीस रात्रभर राहिला तरी सकाळी पावडरीवर तांबडे ठिपके उमटतात.